पेशी दुभंगते कशी? परिकलविभाजनाची यंत्रणा आणि 'पेशी' हा शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

'पेशीविभाजन' हा शब्द मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेला नाही. शालेय पाठ्यपुस्तकांनी तो घरोघर पोचविला आहे, आणि रूपक म्हणून तो ललित लेखनातही अधूनमधून भेटतो. तथापि या एका शब्दाच्या पोटात दोन स्वतंत्र क्रिया दडलेल्या आहेत, याची जाणीव सहसा ठेवली जात नाही. पहिली क्रिया केंद्रकाची. आनुवंशिक द्रव्य वाहून नेणारी गुणसूत्रे दुप्पट होतात, पेशीच्या मध्यावर ओळीने मांडली जातात आणि दोन समान वाटे दोन ध्रुवांकडे ओढले जातात. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये आपल्या ग्रंथात या क्रियेचे सविस्तर वर्णन केले. आपली पाठ्यपुस्तके तिला 'प्रकलविभाजन' म्हणतात. दुसरी क्रिया पेशीच्या देहाची, म्हणजे केंद्रकाभोवतीचे द्रव्य आणि त्याला वेढणारे पटल यांचे दोन भाग होण्याची. तिला 'परिकलविभाजन' असे नाव आहे.

पहिल्या क्रियेने अभ्यासकांचे लक्ष प्रथमपासून वेधून घेतले, कारण आनुवंशिकतेचे रहस्य तिच्यात होते. दुसरी बरीच वर्षे उपेक्षित राहिली. वाटणी झाली की घर आपोआप वेगळे होते, असे जणू गृहीत धरले गेले होते. वस्तुतः प्रश्न साधा नाही. मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा, मऊ, द्रवाने भरलेला एक गोल; त्याला हात नाहीत, पाते नाही, बाहेरून कोणी कापणाराही नाही. असा गोल दहा-पंधरा मिनिटांत मधोमध आवळला जातो, आणि कालांतराने त्याचे दोन अलग गोल होतात. आपल्या शरीरात दर सेकंदाला लक्षावधी पेशी हेच करीत असतात. हे घडविणारे बल येते कोठून? ते नेमके मध्यावरच कसे पडते? आणि ते चुकले तर काय होते?

प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा परामर्श घ्यावयाचा आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या पानांत हा विषय घेण्याचे कारण असे की, त्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे जे उत्तर विज्ञानाला मिळाले, त्यामुळे मराठीतील 'पेशी' या शब्दाच्या इतिहासावर अनपेक्षित प्रकाश पडतो.

२. 'पेशी' शब्दाचा प्रवास

संस्कृत वैद्यकात 'पेशी' म्हणजे मांसाचा गट, आजच्या मराठीत ज्याला आपण 'स्नायू' म्हणतो तो. सुश्रुताच्या शारीरस्थानात मनुष्यदेहातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे. त्याच ठिकाणी स्नायूंची संख्या नऊशे आहे. परंतु ते 'स्नायू' म्हणजे अवयवांना बांधून ठेवणारे बंध होत. नावेच्या फळ्या जशा बंधनांनी आवळून बांधल्यावरच ती नाव पाण्यात भार सोसू शकते, तसा देह स्नायूंनी बांधलेला आहे, असा दृष्टान्त तेथे दिला आहे.

आधुनिक भारतीय भाषांनी हे दोन्ही शब्द उचलले, पण प्रत्येकीने ते वेगळ्या जागी ठेवले. हिंदीत 'मांसपेशी' हा मूळ अर्थ टिकून आहे आणि सेलसाठी 'कोशिका' हा शब्द योजिला गेला. बंगालीत 'पेशी' म्हणजे मांसपेशीच, 'स्नायू' मात्र संवेदना वाहणारा मज्जातंतू झाला. सेल तेथे 'कोष' आहे. गुजराती आणि कन्नड या भाषांनी मराठीप्रमाणेच 'स्नायू' हा शब्द आकुंचन पावणाऱ्या मांसासाठी वापरला, पण सेलसाठी 'कोष' व 'जीवकोश' हे शब्द घेतले. मराठीने दोन्ही शब्द एकेक पायरी सरकविले. बांधणारा तो स्नायू आकुंचन पावणारा झाला, आणि मांसाची पेशी ही जीवाचा सूक्ष्मतम घटक झाली. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' ही संज्ञाही स्वीकारली; तथापि लोकव्यवहारात आणि पाठ्यपुस्तकांत 'पेशी' हाच शब्द रूढ राहिला.

शुद्धतावादी दृष्टीने पाहिले तर मराठीची ही निवड सदोष ठरेल. 'कोश' या शब्दात पोकळी आहे, भिंत आहे, आत काहीतरी साठविलेले आहे, आणि सेल या संज्ञेच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. 'पेशी'त यांपैकी काहीच नाही. तिच्यात आहे ते मांस, म्हणजे ओढणारे, आवळणारे द्रव्य. परंतु प्राण्यांच्या पेशीचे विभाजन समजून घ्यावयाचे, तर भिंतीची व पोकळीची कल्पना फारशी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती मांसाचीच. कशी ते पाहण्यासाठी चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळले पाहिजे.

३. मद्रासच्या किनाऱ्यावरील अंडी

पेशी दुभंगताना प्रत्यक्ष पाहावयाची, तर ती मोठी हवी, पारदर्शक हवी, एकटी हवी, आणि ती केव्हा विभागणार हे आधी ठाऊक हवे. माणसाच्या पेशी यांपैकी बहुतेक अटींत बसत नाहीत. या सर्व अटी ज्याच्या अंड्यात एकत्र आढळतात असा प्राणी म्हणजे समुद्र-अर्चिन. कंटकचर्मी संघातील हा गोलसर, अंगभर काटे असलेला जीव खडकांना चिकटून राहतो. त्याची मादी आपली अंडी पाण्यात सोडते, नर शुक्रपेशी सोडतो, आणि फलन आईच्या शरीराबाहेर, उघड्या पाण्यात होते. प्रयोगशाळेत दोन्ही एका काचपात्रात मिसळावीत की सारी अंडी एकाच वेळी फलित होतात आणि जवळजवळ एकाच वेळी विभागू लागतात. अंड्याचा व्यास साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रशस्त दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील पेशीविज्ञान या प्राण्यावर पोसले गेले.

भारतात या परंपरेचे एक ठिकाण मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे होते. मद्रास विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संशोधन प्रयोगशाळेचे संचालक आर. गोपाल अय्यर यांनी उष्ण कटिबंधातील 'सॅल्मॅसिस बायकलर' या समुद्र-अर्चिनच्या आरंभीच्या वाढीचा आणि रूपांतराचा अभ्यास केला. बंगळूरला १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात तो १९३५ साली प्रसिद्ध झाला. समशीतोष्ण समुद्रांतील जातींची माहिती तोवर विपुल होती. आपल्या किनाऱ्यावरील जातींचे असे वर्णन त्या मानाने दुर्मीळ होते. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आर्थर गीझी यांनी एस. कृष्णस्वामी, बी. एस. वासू आणि जॉन लॉरेन्स यांच्यासह मद्रास बंदरातील 'स्टोमोप्न्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस' या जातीच्या प्रजननाचा व जैवरासायनिक घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विभाजनाच्या बलासंबंधीचे निर्णायक प्रयोग मद्रासला झाले नाहीत. ते जपान, अमेरिका व इंग्लंड येथे झाले. परंतु ज्या जीवावर ते झाले त्याचे सगेसोयरे मद्रासच्या बंदरात होते, आणि तेथील प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांची वाढ बारकाईने न्याहाळली होती.

त्या अंड्यात दिसते ते असे. फलन होताच अंड्याभोवती एक नितळ आवरण उचलले जाते. काही काळ अंडे निश्चल वाटते. मग त्याच्या अंतर्भागात दोन ताराकृती दिसू लागतात. प्रत्येक म्हणजे एका केंद्रातून सर्व दिशांना पसरलेल्या सूक्ष्मनलिकांचा झुबका. त्या दोहोंच्या मध्ये चातीच्या आकाराचा 'तर्कू' असतो आणि त्यावर गुणसूत्रे. गुणसूत्रे दोन्हीकडे ओढली जाताच अंडे किंचित लांबट होते, आणि त्याच्या विषुववृत्तावर एक खाच उमटते. ती सर्व बाजूंनी आत शिरत जाते आणि अखेर दोन्ही भागांना जोडणारा केवळ एक बारीक धागा उरतो.

येथे वनस्पती व प्राणी यांतील भेद लक्षात घ्यावा. वनस्पतीच्या पेशीला ताठ भिंत असते. ती आवळता येत नाही. म्हणून तेथे पेशीच्या मध्यात नवी भिंत बांधली जाते आणि ती आतून बाहेर वाढत कडेला भिडते. घरात मधोमध भिंत घालून दोन खोल्या कराव्यात तसा तो प्रकार आहे. प्राण्याच्या पेशीत याच्या उलट, बाहेरून आत. तिथे बांधकाम नाही, आवळणे आहे.

४. बल कोणाचे?

खाच उमटते हे दिसले, तरी ती कोण पाडते हे दिसत नाही. यासंबंधी अनेक तर्क केले गेले. तर्कू लांबत जाऊन दोन्ही टोकांना रेटतो आणि मध्यभाग बारीक होतो, असे काहींना वाटले. ध्रुवाकडील पृष्ठभाग सैल पडून पसरतो, म्हणून मध्य आपोआप आकसतो, असे इतरांचे मत होते. मध्यावर नवे पटल तयार होऊन आत वळते, असाही एक विचार होता. आणि मध्यावरील पृष्ठस्तरच आकुंचन पावतो, हा चौथा.

पहिला तर्क जपानमध्ये निकालात निघाला. युकिओ हिरामोटो यांनी १९५६ मध्ये समुद्र-अर्चिनच्या अंड्यातून तर्कू व तारका अतिसूक्ष्म नळीने शोषून बाहेर काढल्या. गुणसूत्रांची ओढ सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर त्या काढल्या, तरी खाच ठरल्या जागी पडली आणि अंडे दुभंगले. याचा अर्थ असा की, अंतर्भागातील साधने खाच कोठे पडावी हे सांगतात, पण ती स्वतः पाडीत नाहीत. एकदा निरोप पोचला की निरोप्या नसला तरी चालते.

निरोप कोण देतो, या प्रश्नाचा उलगडा अमेरिकन शास्त्रज्ञ रे रॅपपोर्ट यांच्या १९६१ सालच्या प्रयोगाने केला. त्यांनी सँड डॉलर या, समुद्र-अर्चिनच्याच वर्गातील चपट्या प्राण्याच्या अंड्यावर काचेची बारीक गोळी दाबून त्याला मेदुवड्यासारखा, मध्ये भोक असलेला आकार दिला. पहिल्या विभाजनाच्या वेळी हे कडे एकाच जागी तुटले आणि घोड्याच्या नालासारखी, दोन केंद्रकांची एक पेशी तयार झाली. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी नालाच्या दोन्ही बाजूंना एकेक तर्कू होता, आणि अपेक्षेप्रमाणे त्या दोन्ही तर्कूंच्या मध्यावर खाचा पडल्या. परंतु तिसरी खाच नालाच्या वळणावर पडली. तेथे तर्कू नव्हता, गुणसूत्रेही नव्हती, होत्या त्या केवळ पाठीला पाठ लावून असलेल्या दोन ताराकृती. अशा रीतीने एका पेशीच्या चार पेशी झाल्या. खाचेची जागा ठरविण्यास शेजारच्या दोन ताराकृतीही पुरेशा असतात, गुणसूत्रांची उपस्थिती त्यासाठी अनिवार्य नाही, हे यावरून सिद्ध झाले. याच रॅपपोर्ट यांनी १९६७ मध्ये लवचीक काचसुई खाचेच्या मार्गात ठेवून ती किती वाकते यावरून बलाचे मापन केले. ते डाइनच्या काही हजारांशांएवढे भरले. आपल्या व्यवहारात हे बल नगण्य होय. पेशीच्या जगात ते तिच्या पृष्ठभागाचा ताण मोडून काढण्यास पुरेसे आहे.

दुसऱ्या तर्काचा पुरस्कार करणाऱ्यांत ल्यूइस वोल्पर्ट यांचा उल्लेख करणे उचित होईल. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हे गृहस्थ मूळचे स्थापत्य अभियंते. मातीच्या बलशास्त्राचा अभ्यास सोडून ते लंडनमध्ये पेशीकडे वळले आणि १९६० मध्ये त्यांनी विदलनाच्या बलशास्त्राचे विवेचन प्रसिद्ध केले. ध्रुवाकडील शैथिल्याला त्यांनी महत्त्व दिले. खाच पाडणारे मुख्य बल मध्यावरचेच, हे पुढे ठरले. तरी वोल्पर्ट यांचा विचार वाया गेला नाही, हे पुढे दिसेल.

५. कंकणाचे द्रव्य

मध्यावर आकुंचन पावणारे असे काही आहे काय, हे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज होती. १९६८ ते १९७२ या काळात टॉमस श्रोडर यांनी जेलीफिश व समुद्र-अर्चिन यांच्या अंड्यांत आणि माणसाच्या पेशींत खाचेच्या तळाशी, पटलाला आतून चिकटलेला, अतिशय पातळ तंतूंचा पट्टा दाखवून दिला. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाच ते दहा हजारांशाव्या भागाएवढी होती. पेशीच्या कमरेला आतून घातलेला हा करगोटाच म्हणावयाचा. हे तंतू कशाचे आहेत याची परीक्षा स्नायूतील प्रथिनाच्या साहाय्याने केली गेली, आणि उत्तर मिळाले : ॲक्टिन.

ॲक्टिन आणि मायोसिन ही स्नायूंची प्रथिने होत. मायोसिन हे नाव १८६४ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर काम करताना कूने यांनी दिले, आणि ॲक्टिन १९४२ मध्ये हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी वेगळे केले. ॲक्टिनचे तंतू म्हणजे दोर, आणि मायोसिन म्हणजे ते हातोहात ओढणारे. दोहोंच्या सरकण्याने आपला दंड आखडतो. ही प्रथिने स्नायूंपुरतीच मर्यादित आहेत असे बराच काळ वाटत होते. १९६६ मध्ये श्लेष्मबुरशीत ॲक्टिन सापडले आणि तो समज ढळला. मग १९७७ मध्ये इस्सेइ माबुची व ओकुनो यांनी तारामाशाच्या नुकत्याच दोन पेशी झालेल्या गर्भातील एका पेशीत मायोसिनविरोधी प्रतिपिंड टोचले. टोचलेली पेशी पुढे विभागली नाही; तिच्यातील केंद्रके मात्र विभागत राहिली. शेजारची न टोचलेली पेशी यथाक्रम विभागत गेली. प्रकलविभाजन व परिकलविभाजन या दोन भिन्न क्रिया आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

येथे 'पेशी' हा शब्द आपल्या मूळ अर्थासह परत येतो. प्राण्याची पेशी विभागते ती मांसपेशी ज्या साधनांनी आखडते त्याच जातीच्या साधनांनी. ही साधने एकरूप नाहीत. विभागणाऱ्या पेशीतील मायोसिन हे स्नायूतील मायोसिनचे भावंड आहे, प्रतिरूप नव्हे. स्नायूत तंतूंची रचना कायमची व शिस्तबद्ध असते. कंकणात ती तात्पुरती व बरीच विस्कळीत असते. परंतु द्रव्य व रीत एकच. मराठीने सेलला 'पेशी' म्हटले तेव्हा हे कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. प्राचीनांना सारे ज्ञात होते, असा निष्कर्ष यावरून काढणे सर्वथा चुकीचे होईल. योगायोगाने झालेली एक निवड पुढे अर्थपूर्ण ठरली, इतकेच यातून म्हणता येते.

कंकणाचे कार्य समजण्यासाठी बटव्याचा दृष्टान्त सोयीचा आहे. बटव्याची नाडी ओढली की तोंड आवळते. नाडीतील ताण घेराच्या दिशेने असतो, पण त्याचा परिणाम सर्व बाजूंनी मध्याकडे दाबण्यात होतो. घेर जसा लहान होतो तसा त्याच ताणातून आत दाबणारा परिणाम वाढतो. येथवर दृष्टान्त लागू पडतो. पुढे मात्र तो सोडावा लागतो. नाडी ओढणारा हात बटव्याबाहेर असतो, पेशीला असा हात नाही. बटव्याची नाडी ओढल्यावर तिची टोके बाहेर लोंबतात. कंकण मात्र आवळत जाते तसे आपले द्रव्य मोडून पेशीला परत करीत जाते, म्हणून ते आखूड होते पण जाड होत नाही. शिवाय २००९ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीच्या गर्भावर केलेल्या अभ्यासात आढळले की, मोठ्या पेशीतील मोठे कंकण व लहान पेशीतील लहान कंकण मिटण्यास जवळजवळ सारखाच वेळ घेतात. मोठ्या कंकणात आखडणारे घटक अधिक आणि सारे एकाच वेळी आखडत असल्याने त्याचा एकूण वेगही अधिक असतो.

कंकण मध्यावरच का होते, याचेही उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. तर्कूच्या मध्यभागी व सूक्ष्मनलिकांच्या टोकांशी जमणारी काही प्रथिने पृष्ठस्तराच्या एका अरुंद पट्ट्यात 'रो' नावाचे प्रथिन जागे करतात. 'रो' जागे झाले की तेथे ॲक्टिनचे तंतू घडू लागतात आणि मायोसिन कार्यप्रवण होते. हिरामोटो यांचा निरोप्या आणि रॅपपोर्ट यांच्या तारका यांचे रासायनिक रूप ते हेच.

आता वोल्पर्ट यांच्याकडे पुन्हा वळू. मध्य आवळला की आतील द्रव दोन्ही बाजूंना ढकलला जातो. ध्रुवांवरही थोडे ॲक्टिन व मायोसिन असतेच. एका ध्रुवाचे आकुंचन अधिक झाले तर द्रव दुसरीकडे धावतो, आणि खाच जागेवरून सरकण्याची भीती उत्पन्न होते. ध्रुवांवर पृष्ठभागाचे छोटे फुगे येऊन हा जादा दाब निघून जातो, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे मध्याचे आवळणे आणि टोकांचे सैल होणे ही दोन्ही हवीत. शिवाय पटलही अधिक लागते. भाकरीच्या पिठाच्या एका मोठ्या उंड्याचे दोन लहान उंडे केले, तर त्यांना लावावयाची पिठी जास्त लागते. एका गोलाचे समान घनफळाचे दोन गोल केल्यास एकूण पृष्ठफळ सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. पेशी हे जादा पटल आपल्या पृष्ठभागावरील सुरकुत्या उलगडून आणि आतील सूक्ष्म पिशव्या पटलाला जोडून मिळविते.

बाहेरून कोणी न ओढता स्वतःच स्वतःला ओढणाऱ्या अशा द्रव्याचे गणित जुन्या पदार्थविज्ञानात नव्हते. ते घडविण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आदिती सिंहा व श्रीराम रामस्वामी यांनी २००२ मध्ये स्वतः गती उत्पन्न करणाऱ्या कणांच्या द्रवाविषयी जे विवेचन प्रसिद्ध केले, ते आज 'सक्रिय द्रव्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराचा एक आरंभीचा टप्पा मानले जाते. सिंहा पुढे चेन्नईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या. कंकणासारख्या रचनेकडे आता याच दृष्टीने पाहिले जाते.

६. शेवटचा धागा

कंकण पूर्ण मिटले तरी पेशी वेगळ्या होत नाहीत. दोहोंमध्ये सुमारे हजारांश मिलिमीटर रुंदीचा एक पूल उरतो आणि त्यात तर्कूच्या सूक्ष्मनलिकांची घट्ट मोळी असते. हा पूल तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. तो तोडण्याचे काम कंकणाचे नव्हे. 'एस्कॉर्ट' या नावाने ओळखला जाणारा प्रथिनसमूह पुलाच्या आत मळसूत्रासारखा बसतो आणि पटल चिमटून टाकतो, हे २००७ पासूनच्या संशोधनाने स्पष्ट झाले. एड्सचा विषाणू मानवी पेशीतून बाहेर पडताना याच समूहाला वेठीस धरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सर्वच पेशी हा धागा तोडतात असेही नाही. शुक्रपेशी घडताना एका मूळ पेशीपासून झालेली भावंडे अशा पुलांनी दीर्घकाळ जोडलेली राहतात आणि परस्परांत द्रव्याची देवघेव करतात. विभाजन अपुरे ठेवणे हीदेखील निसर्गाची एक रीत आहे.

७. चुकलेले विभाजन

कंकण अयशस्वी झाले तर एकाच पेशीत दोन केंद्रके आणि गुणसूत्रांचा दुप्पट साठा राहतो. यकृतातील व हृदयातील कित्येक पेशी स्वभावतःच अशा असतात, आणि त्यात विकृती काहीच नाही. परंतु जी पेशी पुढेही विभागत राहणार, तिच्यात असे घडणे धोक्याचे असते. तारकांची केंद्रेही दुप्पट झालेली असतात. पुढल्या विभाजनात दोनाऐवजी तीन-चार ध्रुव होऊ शकतात आणि गुणसूत्रांची वाटणी विषम होते.

याही विचाराचा उगम समुद्र-अर्चिनच्या अंड्यातच आहे. थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२ मध्ये दोन शुक्रपेशींनी फलित झालेल्या अंड्यांचा अभ्यास करून विषम वाटणीचे दुष्परिणाम दाखविले, आणि १९१४ मध्ये घातक अर्बुदांचे मूळ अशाच विषम वाटणीत असावे असे अनुमान मांडले. नव्वदहून अधिक वर्षांनी, २००५ मध्ये, त्याला प्रायोगिक बळ मिळाले. पेशीची राखण करणारे 'पी ५३' हे प्रथिन नसलेल्या उंदराच्या पेशींत परिकलविभाजन रोखले असता गुणसूत्रांचा दुप्पट साठा झालेल्या पेशींपासून अर्बुदे उद्भवली. नेहमीचा साठा असलेल्यांपासून ती उद्भवली नाहीत. सुश्रुताने गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातील आकार सांगताना पिंड, पेशी आणि अर्बुद असे तीन शब्द एकत्र योजिले आहेत. त्यांचे तेथील अर्थ निराळे. पण आज त्यांपैकी दोन शब्द मराठीत पुन्हा शेजारी आले आहेत, आणि या वेळी त्यांचा संबंध कार्यकारणाचा आहे.

चेन्नईच्या अड्यार भागात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ मध्ये कर्करोग संस्था उभी राहिली. बालकांच्या रक्तकर्करोगावर जगभर जी औषधे दिली जातात, त्यांत व्हिन्क्रिस्टीनचा समावेश आहे. ते मिळते सदाफुलीपासून. तमिळमध्ये तिचे नाव नित्यकल्याणी असून तमिळनाडूत तिची लागवडही होते. हे औषध तर्कूच्या सूक्ष्मनलिकांवर आघात करते. गुणसूत्रांची वाटणी त्यामुळे अडते आणि विभागू पाहणारी पेशी मरते. कंकणावर तसाच आघात का करू नये, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर मागील विवेचनातच आहे. ॲक्टिन व मायोसिन ही हृदयाच्याही कामाची साधने आहेत. विभागणाऱ्या पेशीला आवळता येऊ नये म्हणून ती सरसकट निकामी केली, तर हृदयालाही आवळता येणार नाही. पेशी आणि स्नायू यांचे नाते असे थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचते.

८. परिभाषेचा प्रश्न

अखेरीस भाषेसंबंधी दोन शब्द. 'पेशी विभागली जाते' हा प्रयोग मराठी पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळतो. त्यात कर्ता अदृश्य आहे. कोणीतरी विभागते, पेशी निमूटपणे विभागली जाते. 'पेशी दुभंगते' हा प्रयोग त्याहून बरा, पण फणस फुटतो किंवा जमीन भेगाळते तसे काही आपोआप घडल्याचा भास त्यातही आहे. वर वर्णिलेल्या प्रयोगांनी जे दाखविले ते असे की, येथे कर्ता आणि कर्म एकच आहेत. पेशी आपल्याच द्रव्याचे कंकण घडविते, त्याने स्वतःला आवळते, आणि आवळता आवळता ते मोडूनही टाकते. 'पेशी स्वतःला आवळून विभागते' असे म्हणण्यात व्याकरणाची कोणतीच अडचण नाही, आणि विद्यार्थ्याला मात्र नेमकी गोष्ट कळते.

या रचनेसाठी प्रस्तुत लेखात 'कंकण' हा शब्द वापरला आहे. तो सर्वथा निर्दोष नाही. कंकण म्हणजे घडवून पूर्ण झालेला, कठीण, आकार न बदलणारा दागिना, आणि ही रचना क्षणोक्षणी घडणारी व मोडणारी आहे. 'आकुंची वलय' ही संज्ञा अधिक काटेकोर होईल आणि पाठ्यपुस्तकांनी ती स्वीकारण्यास हरकत नसावी. 'पेशी' हा शब्द मात्र बदलू नये. हिंदीच्या अनुकरणाने वा एकरूपतेच्या आग्रहाने तो टाकून 'कोशिका' रूढ करावी, अशी सूचना होऊ शकते. तसे झाल्यास भारतीय भाषांत परस्परसंवाद थोडा सुकर होईल, हे मान्य. परंतु प्राण्याचा सूक्ष्मतम घटक हा केवळ कोश नसून ओढू शकणारे, आवळू शकणारे मांस आहे, ही गोष्ट मराठीच्या शब्दात आधीच नोंदली गेली आहे. ती पुसून टाकण्याचे काही कारण दिसत नाही.